पाणी आणि संसर्गजन्य आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर, शाळा, वसतिगृह, इमारत किंवा एखादी छोटी पाणीयोजना सांभाळणाऱ्यांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची ही उत्तरं आहेत. बहुतेक उत्तरांमागचं सूत्र एकच आहे. पाणी उगमापाशी शुद्ध असणं पुरेसं नाही. ते तोंडापर्यंत पोहोचेतो शुद्ध राहिलं पाहिजे, आणि पुरेसं असलं पाहिजे.

पाण्यामुळे होणारे आजार म्हणजे दूषित पाणी प्यायल्याने होणारे आजार, एवढंच ना?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. पाणी आणि रोग यांचं नातं चार तऱ्हांचं असतं. डेव्हिड ब्रॅडली यांनी १९७२च्या सुमारास ही विभागणी मांडली आणि ती आजही कामाला येते.

पहिली तऱ्हा सगळ्यांना माहीत असते: विष्ठेतले जंतू पाण्यात जातात आणि ते पाणी पोटात जातं. कॉलरा, टायफॉइड, हगवण, हेपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ, रोटाव्हायरसचे जुलाब हे सगळे यातले. दुसरीत पाणी घाण नसतं, कमी असतं. अंग, कपडे, हात धुवायला पुरत नाही म्हणून खरूज, डोळ्यांची खुपरी आणि हातावाटे पसरणारे जुलाब होतात. तिसरीत जंतूला वाढण्यासाठी पाण्यातला एखादा जीव लागतो, जसा शिस्टोसोमा या जंताला गोगलगाय आणि नारूला सायक्लॉप्स. चौथीत पाण्यात किंवा पाण्याजवळ वाढणारे कीटक रोग पसरवतात: हिवताप, डेंगी, हत्तीरोग.

ही विभागणी केवळ अभ्यासासाठी नाही, कारण प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. कितीही क्लोरीन टाकलं तरी खरूज जाणार नाही. त्याला जास्त पाणी लागेल. नारूवर ना लस आहे ना जंत मारणारं औषध. १९८६च्या सुमारास जगात वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना होणारा हा रोग आता वर्षाला मोजक्या रुग्णांवर आला आहे. त्यासाठी पाणी कापडाने गाळलं गेलं, जखमेतून जंत बाहेर येत असलेल्या माणसाला पिण्याच्या पाण्यात उतरू दिलं नाही आणि तळ्यांमध्ये सायक्लॉप्सनाशक टाकलं गेलं.

पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, वास नाही, चव चांगली आहे. मग चिंता कशाची?

जंतू दिसत नाहीत, आणि आजारी पाडायला फार लागतही नाहीत. शिगेला या हगवणीच्या जंतूचे १० ते १०० जीवाणूसुद्धा पुरतात. एवढ्याने ग्लासभर पाण्याचा रंग बदलत नाही.

१८५४ साली लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी लोकांना आवडायचं. हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक बाई ते मुद्दाम मागवून घेत असे. ती कॉलराने गेली आणि त्या भागात दुसरा रुग्ण नव्हता. डॉक्टर जॉन स्नो यांनी असेच दुवे जोडून पंपाकडे बोट दाखवलं आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. पुढे खोदल्यावर दिसलं, की विहिरीपासून जेमतेम एक मीटरवर मैल्याचा खड्डा पाझरत होता.

टीडीएस मीटरवर आकडा कमी आला. म्हणजे पाणी सुरक्षित?

अजिबात नाही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. मीटर विजेची वाहकता मोजतो. जंतू त्याला कळत नाहीत. ५० टीडीएसच्या पावसाच्या पाण्यात कॉलरा असू शकतो आणि ६०० टीडीएसचं बोअरचं पाणी जंतुमुक्त असू शकतं. या मीटरवर विसंबून उकळणं थांबवलेली घरं पाहिली की वाईट वाटतं, कारण मीटर खोटं बोललेला नसतो. त्याला प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.

शुद्ध करून सोडलेलं पाणी नळाला येईपर्यंत बिघडतं कसं?

मुख्यतः पुरवठा थांबतो तेव्हा. जलवाहिनीत दाब असतो तोवर गळतीतून पाणी बाहेर जातं. पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होते, आत पोकळी तयार होते आणि त्याच भेगेतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. वाहिनी गटाराला लागून किंवा गटारातूनच गेलेली असेल तर मैलापाणी आत येतं. दिवसातून तास-दोन तास पाणी येतं तिथे हे रोज घडतं. त्यात कोणी नळाच्या जोडणीला थेट मोटार लावली की दाब आणखी घटतो आणि शेजाऱ्याच्या भेगेतून घाण खेचली जाते. थेट मोटार हा नुसता पाणीचोरीचा मामला नाही, आरोग्याचाही आहे.

म्हणून पुरवठा सुरू झाल्यावर सुरुवातीचं पाणी पिण्यासाठी भरू नका. ते गढूळ, वासाचं किंवा फेसाळ असेल तर स्वच्छ येईपर्यंत सोडा आणि लादी, संडास यांसाठी वापरा. नेहमी असंच येत असेल तर जवळपास गळती आहे असं धरून लेखी तक्रार करा. गळती पुरवठा सुरू असतानाच शोधता येते.

विहिरी आणि हातपंपांचं गणित वेगळं. शोषखड्डा किंवा संडासाचा खड्डा पाण्याच्या स्रोतापासून किमान ३० मीटर दूर आणि शक्यतो उताराच्या खालच्या बाजूला असावा. खड्ड्याचा तळ भूजलपातळीच्या किमान १.५ मीटर वर हवा. खडकाला भेगा असतील तर एवढं अंतरही अपुरं पडतं, कारण भेगेतून पाणी न गाळता धावतं. हातपंपाचा ओटा तडकला, सांडपाण्याची नाली तुंबली, की ओट्याभोवती साचलेलं पाणी केसिंगच्या, म्हणजे बोअरमधल्या नळीच्या, कडेने खाली उतरतं. ओटा दुरुस्त करणं हे किरकोळ काम वाटतं, पण हातपंपाच्या बाबतीत बहुतेक वेळा तेच महत्त्वाचं असतं.

पाणी किती वेळ उकळायचं?

बुडबुडे संपूर्ण पृष्ठभागावर खदखदू लागल्यावर एक मिनिट. समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. वीस मिनिटं उकळण्याचा सल्ला जुना आहे. त्यात इंधन जातं, जास्तीचं संरक्षण मिळत नाही. विषाणू, जीवाणू, अमीबा, जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम या सगळ्यांवर उकळणं हा खात्रीचा उपाय आहे. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून घ्या.

उणीव एकच: उकळलेल्या पाण्यात पुढच्या दूषणापासून राखण करणारं काही उरत नाही. उकळलं त्याच भांड्यात झाकून गार करा. न धुतलेल्या पिंपात ओतलं किंवा बर्फ घालून गार केलं की सगळी मेहनत वाया. गोठल्याने जंतू मरतात हा समजही चुकीचा आहे. बर्फ ज्या पाण्याचा, तितकाच सुरक्षित.

क्लोरीन नेमकं किती टाकायचं?

आधी हे समजून घ्या की टाकलेलं सगळं क्लोरीन जंतू मारायला मिळत नाही. पाण्यातली सेंद्रिय घाण, अमोनिया, लोह हे त्यातलं बरंचसं खाऊन टाकतात. याला क्लोरीनची मागणी म्हणतात. ती भागल्यावर जे शिल्लक राहतं ते मुक्त अवशिष्ट क्लोरीन, आणि लक्ष ठेवायचं ते त्यावर. क्लोरीन टाकून किमान ३० मिनिटं झाल्यावर, पाण्याचा सामू (पीएच) ८च्या खाली असताना, लिटरला ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन सापडलं पाहिजे. ग्राहकाच्या नळाला ते किमान ०.२ असावं. सामू ८च्या वर गेला की क्लोरीनची मारक शक्ती झपाट्याने घटते. तेव्हा संपर्काचा वेळ वाढवावा लागतो.

घरी २० लिटर स्वच्छ पाण्यासाठी ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण १ मिलिलिटर टाका. म्हणजे लिटरला २.५ मिलिग्रॅम क्लोरीन होतं. पाणी किंचित गढूळ असेल तर आधी गाळा आणि २ मिलिलिटर टाका. ढवळा, झाका, अर्धा तास थांबा. थंड पाण्याला तासभर द्या. सुगंधी किंवा साबणमिश्रित ब्लीच पिण्याच्या पाण्यात कधीही वापरू नका. बाटलीवर टक्केवारी लिहिलेली नसेल तर ती बाटली या कामाची नाही. क्लोरीनच्या गोळ्या मिळत असतील तर पाकिटावर किती लिटरसाठी एक गोळी ते वाचा. वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या सारख्याच दिसतात.

विहिरीत ब्लीचिंग पावडर कशी टाकायची?

आधी विहिरीतलं पाणी मोजा. गोल विहिरीसाठी व्यासाचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४. येईल ते घनमीटर, आणि त्याला हजाराने गुणलं की लिटर. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर २८.२६ घनमीटर, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. चांगल्या प्रतीची, सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर १००० लिटरला २.५ ग्रॅम या हिशेबाने इथे साधारण ७० ग्रॅम लागेल. ही झाली सुरुवात. नेमकी मात्रा शिल्लक क्लोरीन मोजून ठरते, आणि पावसाळ्यात किंवा साथीत ती वाढवावीच लागते.

पावडर थेट फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोडं पाणी घालून आधी दाट लगदा करा, एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. मग पाणी वाढवत बादली पाऊण भरा, ढवळा आणि पाच-दहा मिनिटं निवळू द्या. तळाशी बसतो तो चुना. वरचं निवळ द्रावण दुसऱ्या बादलीत घ्या, चुना फेकून द्या. तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. द्रावणाची बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली आणि आजूबाजूला हलवा. त्यानंतर तासभर पाणी उपसायचं नाही. म्हणून हे काम रात्री, शेवटचा उपसा झाल्यावर करणं सोयीचं. सकाळी पाणी भरणं सुरू होण्याआधी क्लोरीन तपासा.

नियमित पावडर टाकूनही साथ येते. असं का?

बहुतेक वेळा पावडर मेलेली असते. ब्लीचिंग पावडर ओलावा, ऊन आणि उष्णतेने क्लोरीन सोडते. तोंड उघडं राहिलेली, जमिनीवर ठेवलेली पिशवी काही आठवड्यांत निम्मी ताकद गमावू शकते, आणि वरून ती तशीच पांढरी दिसते. फळीवर, अंधाऱ्या कोरड्या जागी, हवाबंद डब्यात ठेवा. आधी आलेली आधी वापरा. गोळे झालेली आणि नाकाला न झोंबणारी पावडर संशयास्पद समजा आणि मात्रा ठरवण्याआधी तिच्यातलं क्लोरीन तपासून घ्या.

इतर कारणं अशी: पाणी गढूळ होतं आणि जंतू मातीच्या कणांत लपले, द्रावण ढवळलं नाही म्हणून विहिरीच्या एका बाजूलाच राहिलं, तास भरायच्या आत उपसा झाला, सकाळच्या गर्दीत पाणी उपसलं गेलं, झऱ्यातून नवं पाणी आलं आणि दुपारी त्यात क्लोरीनच नव्हतं. ‘पावडर टाकली’ अशी नोंद आणि ‘अवशिष्ट क्लोरीन ०.५’ अशी नोंद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रोज दुसरी नोंद ठेवा, आणि ती वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या नळावर घेऊन ठेवा.

मोजायला डीपीडी गोळीचा संच वापरा. मुक्त क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. ऑर्थोटोलिडिनच्या थेंबांनी, म्हणजे ओटी चाचणीत, रंग पिवळा येतो. तो पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा. नंतर संयुक्त, म्हणजे अमोनियाशी जोडलं गेलेलं, क्लोरीनही रंग देऊ लागतं आणि आकडा फुगतो. ऑर्थोटोलिडिन घातक रसायन असल्याने डीपीडी बरं.

क्लोरीनला न जुमानणारे जंतू आहेत का?

आहेत. क्रिप्टोस्पोरिडियमचं कवच इतकं टणक असतं, की नेहमीच्या क्लोरीनमध्ये तो कित्येक दिवस जगतो. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन टाकलेलं पाणी पिऊन सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. गाळणप्रक्रिया नीट चालली नव्हती. या जंतूला गाळून किंवा उकळूनच अडवावं लागतं. अतिनील किरणही त्याच्यावर चांगले चालतात.

दुसरा धडा दिल्लीचा. १९५५मध्ये यमुनेच्या पुरानंतर मैलापाणी जलशुद्धीकरण केंद्राच्या उपसा-जागेपर्यंत मागे आलं. धोका ओळखून क्लोरीन वाढवलं गेलं. टायफॉइड आणि हगवण वाढली नाही, पण वर्ष संपता संपता काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. ती हेपॅटायटिस ई होती हे पुढे अनेक वर्षांनी कळलं. घाण पाण्यात क्लोरीनची मात्रा वाढवली की जीवाणू मरतात. गढूळपणात दडलेले विषाणू तरू शकतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी गढूळपणा काढा, मग क्लोरीन. गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजण्याचं एकक) खाली असावा, ५च्या वर तर नकोच.

मग गाळणीच पुरेशी नाही का?

गाळणीची छिद्रं केवढी आहेत त्यावर ते ठरतं. क्रिप्टोस्पोरिडियम ४ ते ६ मायक्रॉनचा असतो, त्याला १ मायक्रॉनची गाळणी अडवते. जीवाणूंना ०.२ मायक्रॉन लागतो. विषाणू त्याहून कितीतरी लहान. त्यांना अतिसूक्ष्म पडदा किंवा आरओ लागतो. साधी सिरॅमिक कांडी जीवाणू बऱ्यापैकी अडवते, विषाणू नाही. तिला तडा गेला की काहीच अडवत नाही, आणि तडा अनेकदा बुडाच्या जोडापाशी असतो. कांडी मऊ ब्रशने, वाहत्या पाण्याखाली घासा. साबण लावू नका.

यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांच्या, यंत्रात पाणी नितळ असेल तरच किरण जंतूंपर्यंत पोहोचतात. दिवा पेटलेला दिसला तरी त्याची ताकद वर्षभरात उतरते, म्हणून तो मुदतीने बदला आणि त्याभोवतीची काचनळी पुसून घ्या. कार्बनची गाळणी चव सुधारते, क्लोरीन काढून टाकते, आणि म्हणूनच तिच्यात जीवाणू वाढू शकतात. यूव्ही आणि आरओ या दोन्हींच्या पाण्यात राखण करणारं काही उरत नाही. आरओच्या साठवण टाकीत शेवाळ आणि चिकट थर धरतो आणि तिकडे कोणी बघत नाही.

कापडाचं काय, असं विचारलं जातं. त्याने जंतू गाळले जात नाहीत, पण कॉलराचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्लवकांना, म्हणजे तरंगणाऱ्या जीवांना, चिकटून राहतात आणि प्लवक अडकतात. बांगलादेशात जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला, असं २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. जुनं कापड का? धुऊन धुऊन धागे फुगतात आणि छिद्रं बारीक होतात. दुसरं काहीच शक्य नसेल तेव्हा हा उपाय सोन्यासारखा. तुरटीही अशीच: ती गाळ खाली बसवते आणि त्याबरोबर बरेच जंतू नेते, मारत नाही. वरचं पाणी हलक्या हाताने ओतून घ्या, मग क्लोरीन टाका.

इंधन नाही, क्लोरीन नाही. ऊन आहे.

दोन लिटरपर्यंतच्या पारदर्शक, रंग नसलेल्या पेट बाटल्या घ्या, लेबल काढा, नितळ पाणी भरा आणि आडव्या करून कडक उन्हात सहा तास ठेवा. आभाळ भरलेलं असेल तर सलग दोन दिवस. सततच्या पावसात हा उपाय चालत नाही. पाणी पुरेसं नितळ आहे का हे पाहायला भरलेली बाटली छापील मजकुरावर उभी ठेवा आणि वरून बघा. अक्षरं वाचता आली नाहीत तर आधी गाळा.

शुद्ध केलेलं पाणी साठवायचं कसं?

अरुंद तोंडाच्या, झाकणाच्या, तोटी असलेल्या भांड्यात. हात किंवा पेला आत बुडेल असं तोंड नको. तोटी नसेल तर लांब दांड्याचा ओगराळा वापरा आणि तो टांगून ठेवा. झाकणावर किंवा जमिनीवर नाही. भांडं रोज रिकामं करून आतून घासा, कारण कडेला हाताला लागणारा बुळबुळीत थर म्हणजे जंतूंची वसाहत, आणि तिच्यात क्लोरीन सहज शिरत नाही. शिळ्या पाण्यावर ताजं ओतू नका. क्लोरीन टाकलेलं पाणीसुद्धा २४ तासांत संपवा.

इमारतीची टाकी साफ करण्याची पद्धत काय?

टाकी रिकामी करा, तळाचा गाळ बाहेर काढा, भिंती आणि छताची आतली बाजू ब्रशने घासा, धुऊन ते पाणी पूर्ण उपसा. मग पाव टाकी पाणी भरा, प्रत्येक १००० लिटर क्षमतेमागे १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडरचं निवळलेलं द्रावण टाका आणि टाकी काठोकाठ भरा. याने लिटरला साधारण ५० मिलिग्रॅम क्लोरीन होतं. वरच्या मजल्यापासून एकेक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा आणि बंद करा. नळ्याही निर्जंतुक व्हायला हव्यात. २४ तास तसंच ठेवा. या काळात ते पाणी कोणी पिऊ नये, म्हणून प्रत्येक घरी आधी सांगा. नंतर सगळं सोडून द्या, पण तळ्यात किंवा झाडांना नाही. पुन्हा भरून क्लोरीन मोजा आणि मगच वापर सुरू करा.

जमिनीखालच्या टाकीत किंवा विहिरीत एकट्याने कधीही उतरू नका. आत प्राणवायू कमी असू शकतो आणि मदतीला धावून उतरलेला दुसराही दगावतो. बाहेर दोर धरून माणूस हवाच. संडास साफ करायचं आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद टाकीत तो जीवघेणा ठरतो.

पाणी कमी आहे. पिण्यापुरतं शुद्ध ठेवलं की झालं ना?

नाही. आणीबाणीतल्या छावण्यांसाठीसुद्धा माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी मानलं जातं. त्यातलं पिण्याचं तीन लिटरच्या आसपास, बाकी स्वयंपाक आणि स्वच्छतेचं. पाणी आखडलं की हात धुणं सगळ्यांत आधी सुटतं. साबणाने हात धुण्याने जुलाबाचे आजार साधारण ३० टक्क्यांनी घटतात.

शौचानंतर, बाळाचं शी-शू काढल्यावर, स्वयंपाकाआधी आणि जेवण्याआधी, साबण लावून २० सेकंद चोळा आणि वाहत्या पाण्याने धुवा. परातीतल्या एकाच पाण्यात सगळ्यांनी हात बुडवणं म्हणजे जंतूंची देवाणघेवाण. पाणी खरंच कमी असेल तर बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून टांगा. त्या बारीक धारेखाली पेलाभर पाण्यात हात नीट धुतले जातात. लहान मुलांची विष्ठा निरुपद्रवी असते ही समजूत सोडून द्यायला हवी. तिच्यात अनेकदा मोठ्यांपेक्षा जास्त जंतू असतात.

पुराचं पाणी ओसरल्यावर काय करायचं?

पूर विहिरीत शिरला असेल तर ते पाणी पूर्ण उपसा, गाळ काढा, टाकीसारखीच ५० मिलिग्रॅमची मात्रा देऊन २४ तास ठेवा, पुन्हा उपसा आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत पिण्याचं पाणी उकळा. पुराच्या पाण्यात मैला आणि उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. त्यातला लेप्टोस्पायरा हा जीवाणू पायाच्या साध्या चिरेतून किंवा भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून शिरतो. गमबूट घाला, जखमा झाकून ठेवा, बाहेर आल्यावर साबणाने पाय धुवा. त्यानंतर २ ते ३० दिवसांत ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणं किंवा डोळ्यांत लाली आली तर डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यातून चाललो होतो’ हे आवर्जून सांगा. तेवढ्या एका वाक्यावर निदान लवकर होतं. प्रतिबंधक गोळ्या मात्र त्यांच्याच सल्ल्याने.

साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डास होतात?

डेंगीचा एडिस डास मुख्यतः तिथेच वाढतो. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं रिकामं करा. नुसतं ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी भरलं की उबतात. भांड्याच्या कडा घासा. रिकामी न होणारी टाकी घट्ट झाकणाने किंवा बारीक जाळीने बंद करा.

जुलाब सुरू झाल्यावर पाणी द्यायचं की बंद करायचं?

द्यायचं, आणि लगेच. जुलाबात जीव जातो तो शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्याने. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने द्यायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं.

ओआरएसचं अख्खं पाकीट, त्यावर लिहिलेल्या तेवढ्याच शुद्ध पाण्यात मिसळा. २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटरसाठी असतं. लहान पाकिटंही मिळतात. ग्लासभर पाण्यात अंदाजाने चिमूटभर टाकणं ही नेहमीची आणि धोक्याची चूक: दाट झालं तर रक्तात मीठ वाढतं, पातळ झालं तर उपयोग नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलांना १०० ते २०० मिलिलिटर द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. २४ तासांनंतर उरलेलं द्रावण टाकून द्या.

डोळे खोल जाणं, चिमटीत धरलेली कातडी हळू खाली बसणं, लघवी बंद होणं, सुस्ती, पिता न येणं, शौचात रक्त, किंवा तांदळाच्या पेजेसारखे धो-धो जुलाब: यांतलं काहीही दिसलं तर तोंडाने पाजत पाजत दवाखाना गाठा.

पाणी न पिताही त्यातून आजार होतो का?

होतो. लिजिओनेला हा जीवाणू कोमट पाण्यात वाढतो आणि शॉवर, कारंजी, वातानुकूलनाचे मनोरे यांच्या तुषारांतून फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करतो. गरम पाण्याची टाकी ६० अंश सेल्सिअसला ठेवा आणि बरेच दिवस न वापरलेले शॉवर खिडकी उघडून, स्वतः बाजूला राहून काही मिनिटं वाहू द्या. नेतीपात्राने नाक धुण्यासाठी मात्र उकळून गार केलेलंच पाणी घ्या. नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूत जातो. क्वचित होतं, पण झालं तर बहुधा प्राणघातक ठरतं.

एकाच इमारतीत किंवा वस्तीत अनेकांना जुलाब किंवा कावीळ झाली. सुरुवात कुठून करायची?

त्याच दिवशी आरोग्य यंत्रणेला कळवा आणि सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगा. कोण, कधी आजारी पडलं आणि कुठल्या नळाचं पाणी पितं याची यादी करा. साध्या नकाशावर ठिपके मांडले तरी दिशा दिसते. काविळीत मात्र दूषण काही आठवड्यांपूर्वीचं असतं, म्हणून तेव्हाची वाहिनीफूट किंवा खोदकाम आठवा. गरोदर स्त्रियांकडे विशेष लक्ष द्या, कारण हेपॅटायटिस ई त्यांना फार जड जाते.

पाण्याचा नमुना क्लोरीनची मात्रा वाढवण्याआधी घ्या. घाबरून आधी पावडर टाकली आणि मग नमुना घेतला, तर अहवाल स्वच्छ येतो आणि कारण कायमचं हरवतं. प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली वापरा. तिच्यात सोडियम थायोसल्फेट असतं, ते नमुन्यातलं क्लोरीन निष्प्रभ करतं, म्हणून ती विसळू नका. नळ पुसा, धातूचा असेल तर ज्योतीने तापवा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. बाटलीच्या तोंडाला किंवा झाकणाच्या आत बोट न लावता भरा आणि वर थोडी मोकळी जागा ठेवा. त्याच क्षणी क्लोरीन मोजून चिठ्ठीवर वेळ आणि जागेसह लिहा. बर्फाच्या डब्यातून शक्यतो सहा तासांत, फार तर २४ तासांत नमुना पोहोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नसावा. एक जरी सापडला तरी विष्ठा पाण्यात पोहोचली आहे असं धरून गळतीचा शोध सुरू करा.